मारेकरी प्रोग्रॅमची उलटतपासणी

स्वतःच्या बुद्धीने चालणारा प्रोग्रॅम माणसं मारत सुटतो, अशा कादंबरीचं हस्तलिखित तांत्रिक तपासणीसाठी आलं की मी ते पहिल्या पानापासून वाचत नाही. पहिला मृत्यू कुठल्या पानावर आहे ते शोधतो आणि तिथून मागे मागे येतो. लेखक गोष्ट पुढे लिहीत गेलेला असतो: हुशार प्रोग्रॅमर, त्याचं अकाली मरण, कुठल्याशा सर्व्हरवर जागा झालेला प्रोग्रॅम, मग एकामागून एक प्रेतं. त्याच क्रमाने वाचलं तर तपासणाराही वाहवत जातो आणि मधेच कुठेतरी लिफ्ट तुटून खाली येते तेव्हा ती खपून जाते. उलट्या क्रमाने वाचलं की पहिला प्रश्नच लिफ्टचा निघतो. आणि लिफ्ट तशी पडत नाही.

प्रत्येक मृत्यूसाठी एक कोरा कागद घ्यायचा. सगळ्यात वर शेवटचं यंत्र लिहायचं, म्हणजे ज्याचा शरीराशी प्रत्यक्ष संबंध येतो ते: मोटर, झडप, ब्रेकर, पंप, ब्रेक. माणूस मरतो तो वेगाने, दाबाने, विजेने, उष्णतेने, किरणांनी किंवा चुकीच्या औषधाने. प्रोग्रॅमकडे यातलं काहीच नसतं, त्याच्याकडे फक्त हुकूम असतो. म्हणून दुसरी ओळ: ते यंत्र हा हुकूम कुठवर ऐकतं आणि न ऐकण्यासाठी त्यात काय बसवलेलं आहे. निम्मी कादंबरी या दुसऱ्या ओळीवरच अडते.

लिफ्टचं उदाहरण पूर्णच घेऊ. गाडीबरोबर एक वेगळा दोर फिरतो आणि तो वेगनियंत्रकाच्या चाकावरून जातो. ठरलेल्या वेगापेक्षा साधारण १५ टक्के जास्त वेग झाला की ते चाक अडकतं, दोर ताणला जातो आणि गाडीखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना आवळून धरतात. हे सगळं यांत्रिक आहे. त्यात बिघडवण्याजोगा एकही प्रोग्रॅम नाही. शिवाय दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनाचं गणित असं की ते रिकामी गाडी अधिक तिच्या क्षमतेच्या ४० ते ५० टक्के भार इतकं असतं. एकटा माणूस आत असताना ब्रेक सुटला तर गाडी खाली कोसळणार नाही, वर जाईल. खरा धोका वेगळाच आहे: दार उघडं असताना गाडी हलणं. तिथेही सगळ्या दारांचे संपर्क एका साखळीत जोडलेले असतात आणि एक जरी उघडा असला तरी मोटरचा पुरवठा तुटतो. ती साखळी निकामी होते ती बहुधा दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिकने घातलेली जोडतार काढायची राहिली म्हणून. तेव्हा लेखकाला कळवायचं: लिफ्ट पाडू नका, ती जोडतार राहू द्या, आणि प्रोग्रॅमला ती राहिल्याचं सर्व्हिस रजिस्टरमधून कळू द्या. प्रसंग आधीपेक्षा भीतिदायक होतो, कारण आता प्रोग्रॅम वाट बघतोय.

मोटारींचं थोडक्यात. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी अमेरिकेत जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण त्या प्रयोगात स्टिअरिंग हाती आलं ते फक्त कमी वेगात आणि रिव्हर्स गिअरमध्ये, कारण पार्किंगला मदत करणारी यंत्रणा तेवढ्याच परिस्थितीत चाकं फिरवायची. भर वेगात गाडी दरीत वळवणारं प्रकरण आलं की हीच मर्यादा समोर ठेवायची. चारही बाजूंचे सिग्नल एकदम हिरवे करणाऱ्यांसाठीही एक ओळ पुरते: अमेरिकी चौकातल्या पेटीत एक वेगळं सर्किट फक्त एवढंच बघत असतं, आणि विरोधी दिशांना हिरवा दिसला की अर्ध्या सेकंदाच्या आत सगळे दिवे लुकलुकत्या लालवर टाकतं.

ही यंत्रातली रखवाली काढली तर काय होतं, याचा पुरावा थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने देऊन ठेवला आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याचे सहा अपघात झाले. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीच्या जुळणीला अडवणारे प्रत्यक्ष इंटरलॉक होते. नव्या यंत्रात ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात ऑपरेटरने क्ष-किरणांसाठीचं अक्षर चुकून दाबलं, मग वर जाऊन इलेक्ट्रॉनसाठीचं दाबलं, आणि हा बदल आठ सेकंदांच्या आत झाला. चुंबकं जागेवर यायला तेवढाच वेळ लागायचा आणि त्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला दिसायचीच नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ आलं. असे संदेश दिवसभर येत, म्हणून ‘पुढे चला’ची कळ दाबली गेली. सुमारे १८० रॅडऐवजी (रॅड हे किरणांच्या मात्रेचं एकक) त्या रुग्णाला १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले असा नंतरचा अंदाज आहे. गंमत म्हणजे हीच चूक थेरॅक-२० च्या प्रोग्रॅममध्येही होती. तिथे फक्त फ्यूज उडायचे. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथल्या अपघाताचं कारण आणखी बारीक: एका बाइटचा मोजक २५५ नंतर पुन्हा शून्यावर यायचा आणि शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’, म्हणून दर २५६व्या फेरीला एक तपासणी गळायची.

कादंबरीकाराला यातून मिळणारी वस्तू फार मोलाची आहे. प्रोग्रॅमला सर्वशक्तिमान करायची गरज नाही. कुणीतरी पैसे वाचवायला किंवा वेळ वाचवायला इंटरलॉक काढलेला दाखवा, बाकीचं आठ सेकंदांत होतं.

महाराष्ट्रात घडणाऱ्या कथानकात हमखास येणारा प्रसंग म्हणजे खांबावर चढलेला वायरमन आणि दुरून चालू केलेला फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी वीजवाहिनी. प्रसंग चांगला आहे, पण सबस्टेशनमधला क्रम लेखकाला ठाऊक नसतो. काम सुरू करण्याआधी परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर आधी ब्रेकर उघडतो, मग हँडलने आयसोलेटर उघडतो आणि त्याला कुलूप घालतो. ब्रेकरच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आयसोलेटरची पाती मात्र उघडी दिसतात आणि ती दिसावीत म्हणूनच तो असतो. त्यानंतर कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तिन्ही तारा जमिनीशी जोडायच्या. इतकं झाल्यावर प्रोग्रॅमने ब्रेकर शंभरदा लावला तरी उघड्या आयसोलेटरच्या पलीकडे काही जात नाही. आयसोलेटर लागलेला राहिला असला तरी तारा जमिनीला भिडलेल्या असल्याने रिले, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण, तो फीडर त्याच क्षणी ट्रिप करतो.

म्हणजे हा मृत्यू घडायला माणसांच्या हातून दोन गोष्टी सुटाव्या लागतात, आयसोलेटर आणि अर्थिंग. आणि त्या सुटतात. पावसात, अंधारात, ‘पाच मिनिटांचं काम आहे, नुसता ब्रेकर काढ’ असं फोनवर सांगून. कधी सगळं उघडं असूनही उलटी वीज येते: एखाद्या कारखान्याने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर चालू केला की ती डीपीमधून उलट चढून ११ हजार व्होल्ट होते आणि बंद म्हणून सांगितलेल्या तारेत शिरते. त्यामुळे या प्रसंगात प्रोग्रॅमने ब्रेकरपेक्षा निरोपावर हात टाकावा, असं मी सुचवतो. ‘लाइन बंद आहे, चढ’ हा ऑपरेटरच्या नावाने आलेला खोटा मेसेज, मेसेजवर काम करायची पडलेली सवय, आणि अर्थिंगला दिलेला फाटा. यात एकही तांत्रिक खोट काढता येत नाही.

वीजयंत्रणेत रखवालीलाच फितवता येतं, हेही सांगायला हवं. ४ मार्च २००७ रोजी आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत २.२५ मेगावॉटच्या डिझेल जनरेटरवर एक प्रयोग झाला. ब्रेकर उघडायचा, जनरेटर भार सुटल्याने थोडा वेग घेतो आणि ग्रिडच्या तालातून निसटतो, मग लगेच ब्रेकर लावायचा. सगळी ग्रिड त्या फिरत्या वजनाला एका झटक्यात पुन्हा तालावर खेचते आणि तो धक्का दांड्यावर बसतो. असे काही धक्के बसल्यावर यंत्राचे तुकडे उडाले आणि धूर निघाला. संरक्षक रिले हे का अडवत नाहीत? कारण क्षुल्लक हेलकाव्यांना दाद देऊ नये म्हणून त्यांना मुद्दाम थोडी सवड दिलेली असते आणि हल्ला त्या सवडीतच उरकतो. ३१ जुलै २०१२ च्या भारतातल्या ग्रिडकोसळीत तर कुणी शत्रूही नव्हता. बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन जास्त भाराने वाहत होती. रिलेच्या तिसऱ्या टप्प्याने त्या भारालाच बिघाड समजून ती तोडली आणि मग एकेक भाग पडत गेला. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. हस्तलिखितात ‘प्रोग्रॅमने देशाची सर्व सबस्टेशनं बंद केली’ असं वाक्य असेल तर ते खोडून एवढंच करावं लागतं: भर उन्हाळ्यात, ताणलेल्या ग्रिडवर, एका रिलेची सेटिंग बदललेली.

कागदाची तिसरी ओळ म्हणजे प्रोग्रॅमला त्या यंत्राबद्दल काय काय माहीत असायला हवं. इथे लेखक सर्वात सैल असतो. ‘क्षणार्धात त्याने कारखान्याचा ताबा घेतला’ म्हणून मोकळा होतो. इराणमधल्या नातान्झच्या अणुकेंद्रातले युरेनियमचे सेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं, बिघडवणाऱ्या स्टक्सनेटचं जे पृथक्करण उपलब्ध आहे ते यावर उतारा म्हणून वाचायला द्यावं. हा प्रोग्रॅम २०१० च्या जूनमध्ये बेलारुसमधल्या एका छोट्या अँटिव्हायरस कंपनीच्या हाती लागला, तोही इराणमधल्या ग्राहकाचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होते म्हणून. तो जगभर हजारो यंत्रांवर पोचला आणि जवळपास सगळीकडे गप्प बसला. सीमेन्सचा ठरावीक पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक), त्याला जोडलेले ठरावीक दोन कंपन्यांचे, मोटरचा वेग ठरवणारे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर, ते ८०७ ते १,२१० हर्ट्झच्या दरम्यान चालू असलेले, इतकं जुळलं तरच पुढे. त्यानंतरही आधी कित्येक दिवस नुसतं बघत राहणं. मग १,०६४ हर्ट्झवर फिरणारे सेंट्रिफ्यूज १५ मिनिटांसाठी १,४१० वर, पुन्हा मूळ वेगावर, २७ दिवस शांतता, मग ५० मिनिटांसाठी २ हर्ट्झ. दुसऱ्या एका प्रकारात झडपांवर हल्ला करण्याआधी २१ सेकंदांचे खरे आकडे साठवून ठेवायची आणि हल्ला चालू असताना तेच ऑपरेटरच्या यंत्रणेला दाखवत राहायची सोय होती. नातान्झमध्ये एका साखळीत १६४ सेंट्रिफ्यूज असतात हेसुद्धा त्या कोडला माहीत होतं.

ही माहिती इंटरनेटवरून उचलता येत नाही. कुणीतरी आतली जुळणी बाहेर आणलेली असते आणि कुणीतरी तशीच यंत्रं मांडून तालीम केलेली असते. म्हणून मृत प्रोग्रॅमरचा प्रोग्रॅम एखादा कारखाना उडवणार असेल तर मी लेखकाला एक तालमीचं प्रकरण लिहायला लावतो: त्या माणसाला तो पीएलसी कुठे मिळाला, जुन्या बाजारात घेतला का, किती काळ त्याच्याकडे होता, वायरिंगचे नकाशे कुणी दिले. एवढ्यातून एक अख्खं पात्र जन्माला येतं, आणि पोलिसांना धागाही मिळतो.

तालीम करूनही फसतं, आणि कसं फसतं ते कादंबरीत आलं पाहिजे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचा प्रोग्रॅम थेट सुरक्षा कंट्रोलरमध्ये उतरवला गेला. बाकी सगळं बिघडलं तर कारखाना बंद करणं एवढंच त्या कंट्रोलरचं काम. म्हणजे हा माणसं मरू शकतील अशा ठिकाणी घातलेला हात होता. कंट्रोलरवर एक खरीखुरी किल्ली असते. ती ‘रन’वर असती तर बाहेरून कोड घालता आला नसता. ती ‘प्रोग्रॅम’वरच राहिली होती. पण त्या कंट्रोलरमध्ये तीन प्रोसेसर एकमेकांचं काम ताडून बघतात. त्यांचं जुळेना, तेव्हा कंट्रोलरने स्वतःहून कारखाना सुरक्षित बंद केला आणि त्या बंद पडण्यातूनच चोरी उघडी झाली.

दुसरं उदाहरण कीव्हचं. १७ डिसेंबर २०१६ च्या रात्री, मध्यरात्रीच्या जरा आधी, शहराच्या उत्तरेकडचं एक ट्रान्समिशन सबस्टेशन बंद पडलं. वर्षभरापूर्वीच्या, २३ डिसेंबर २०१५ च्या हल्ल्यात माणसांनी दुरून माउस हलवून ब्रेकर उघडले होते आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले होते. या वेळी कोड स्वतःच ग्रिडच्या भाषा बोलत होता आणि ठरल्या वेळी चालू झाला. स्वयंचलित प्रोग्रॅमच्या कादंबरीला याहून जवळची घटना मिळणार नाही. त्यातच संरक्षक रिले बधिर करणारा एक भाग होता. वीज परत लावताना रिले जागे नसावेत असा त्याचा हेतू दिसतो. पण कोडमध्ये घातलेल्या पत्त्यांचे बाइट उलट क्रमाने लिहिले गेले होते आणि ते संदेश रिलेपर्यंत पोचलेच नाहीत. तासाभरात वीज आली. मारेकऱ्याच्या हातून झालेली इतकी साधी चूक लेखक सहसा लिहायला धजावत नाहीत. त्यांना तो परिपूर्ण हवा असतो. मला वाटतं, अशी एक चूक घातली की पुढच्या खेपेला ती सुधारलेली असेल ही भीती वाचकाच्या मनात आपोआप बसते.

आता चौथी ओळ, वाट. तो प्रोग्रॅम इथवर आला कसा? इथे संख्या तपासायची असते. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती करत पसरणारा प्रोग्रॅम, कुठलीही फाइल पुसत नव्हता. एका यंत्रावर आधीच प्रत असेल तर दुसरीने थांबायचं, अशी तजवीज त्यात होती. पण कुणी खोटी प्रत ठेवून फसवू नये म्हणून सातातल्या एका वेळी तरीही राहायचं, असंही होतं. ते एक सप्तमांश फार ठरलं. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती साठल्या आणि यंत्रं गुदमरली. ‘कुणालाही न कळता लाखो संगणकांत पसरला’ असं वाक्य आलं की मी समासात विचारतो: किती वेगाने, आणि पंखे का वाजले नाहीत? लपून राहायचं तर पसरणं हळू हवं. स्टक्सनेटची यूएसबीवरची प्रत तीन संगणकांनंतर स्वतःला पुसून टाकायची.

वेगाने पसरणाऱ्याचं काय होतं ते २७ जून २०१७ ला उरणजवळच्या जेएनपीटीने पाहिलं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या हा प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्या समूहाकडे असलेलं इथलं टर्मिनलही थांबलं. क्रेन शाबूत, ड्रायव्हर हजर, पण कुठला कंटेनर कुठे आहे हेच कुणाला सांगता येईना. कंपनीच्या जाळ्याचा कणा असलेले डोमेन कंट्रोलर जगभर एकाच वेळी पुसले गेले. एक वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंग ठाऊक असलेल्या आपल्या लेखकांनी हा तपशील कधीचाच वापरायला हवा होता.

पाचवी ओळ ठिणगीची, म्हणजे प्रोग्रॅम जागा कशाने होतो. तारखेने जागा होणं सोपं. न्यू जर्सीतल्या ओमेगा इंजिनिअरिंगमध्ये काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याने एक तारीख घालून ठेवली होती आणि ३१ जुलै १९९६ ला कंपनीचे उत्पादनाचे प्रोग्रॅम पुसले गेले. ‘मालकाच्या मृत्यूची बातमी वाचून जागा होतो’ हे आकर्षक आहे, पण मग नामसाधर्म्याचं काय? महाराष्ट्रात एकाच नावाच्या किती निधनवार्ता येतात ते बघा. त्यापेक्षा उलटं करावं: मालक ठरावीक दिवसांनी एक खूण करतो, ती आली नाही की जाग. मग मालक फक्त अपघातात बेशुद्ध असणं ही शक्यता उघडी राहते, आणि तीच जास्त कामाची.

बऱ्याच कादंबऱ्यांत प्रोग्रॅम माणसांना पैसे देऊन कामाला लावतो. यावर आक्षेप घ्यायला मी फारसा उत्सुक नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक असेच. एटीएमची विनंती बँकेच्या यंत्रणेकडे जाण्याऐवजी मधल्या खोट्या स्विचकडे जायची आणि तो प्रत्येक विनंतीला ‘द्या’ म्हणायचा. पण नोटा उचलायला २८ देशांत माणसं उभी होती, त्यात कोल्हापूर-मुंबईच्या एटीएमसमोरचीही. कुणाला कुणाचं नाव ठाऊक असायची गरज नव्हती. फक्त एक बघावं लागतं: सीसीटीव्हीत दिसतात ती हीच माणसं, म्हणून तपास इथूनच सुरू होतो.

मग घड्याळ. प्रत्येक कागदाच्या शेवटी प्रसंगाचं वेळापत्रक मांडायचं, कारण थरार इथेच टिकतो किंवा पडतो. आपल्या ग्रिडवर वीज सेकंदाला ५० वेळा डोलते, म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. बिघाड दिसून ब्रेकर उघडायला असे चार-पाच हेलकावे जातात. यात नायकाला ‘नको!’ म्हणायला वेळ नाही. उलट टोकाला नाइट कॅपिटल ही शेअर दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडल्यावर ४५ मिनिटं तिचा प्रोग्रॅम बेभान खरेदी-विक्री करत राहिला आणि ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता आणि नव्या कामासाठी वापरलेलं बटण तिथे एक जुनं, निवृत्त काम सुरू करत होतं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवून कुरकुर केली होती. कुणी वाचल्या नाहीत. गोंधळात त्यांनी बाकीच्या सातांवरचा नवा कोडही काढला, म्हणजे आता आठही बिघडले. ४५ मिनिटं हा कादंबरीसाठी अत्युत्तम अवधी: धावपळ करता येते आणि प्रत्येक उपाय चुकतोही.

मधल्या मापाचं उदाहरण टेम्पी, ॲरिझोना, १८ मार्च २०१८. उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीला रस्ता ओलांडणारी बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. वाहन, मग अनोळखी वस्तू, मग सायकल, असं प्रोग्रॅम ठरवत राहिला, आणि प्रत्येक बदलाला आधीचा माग सोडून देत राहिला, त्यामुळे ती कुठे चालली आहे हे त्याला उमगेना. उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद थांबायची सोय त्यात होती. तीही खर्ची पडली.

खरोखर माणसं मारणारे प्रोग्रॅम बहुतेक असेच आहेत, निष्ठेने काम करणारे. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानातला एमकॅस हा प्रोग्रॅम एकाच कोनमापकावर विसंबून नाक खाली दाबत होता, एका खेपेला शेपटाचा पंख २.५ अंशांपर्यंत फिरवून. वैमानिकाने ट्रिमचं बटण सोडल्यावर पाच सेकंदांनी तो पुन्हा सुरू व्हायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरच्या वैमानिकांनी वीसहून अधिक वेळा ते नाक वर आणलं. दोन विमानं मिळून ३४६ माणसं गेली. ज्या हस्तलिखितात खलनायक प्रोग्रॅम हसतो, टोमणे मारतो, त्याच्या लेखकाकडे मी ही पाच सेकंदं पाठवतो.

उलगड्याच्या प्रकरणांत एकच गोष्ट सतत चुकते: यंत्रणेत मालवेअर सापडलं, म्हणजे खून सिद्ध झाला असं पात्रं धरून चालतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली, दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयावर सप्टेंबर २०२० मध्ये खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला आणि एका रुग्णाला दुसऱ्या गावी न्यावं लागलं. ती दगावली, पण उशीर हेच मृत्यूचं कारण होतं हे सरकारी वकिलांना पुढे नेता आलं नाही. कोर्टात उभा राहणारा प्रसंग असेल तर लॉग, प्रत्येक यंत्राच्या घड्याळातला फरक आणि शवविच्छेदन या तिन्हींची वेळ जुळवावी लागते. एक घड्याळ चार मिनिटं पुढे असलं तरी बचावपक्षाचं काम भागतं.

शेवट तपासायला वेळ लागत नाही, कारण तो बहुधा बदलावाच लागतो. एक कमांड दिली आणि जगभरचा प्रोग्रॅम मेला, हे फक्त एका प्रकारे खरं होऊ शकतं: प्रोग्रॅमने स्वतःच कुठेतरी विचारणा करत असावं. १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय एका लांबलचक वेबपत्त्याला आधी हाक मारायचा आणि उत्तर मिळालं तर थांबायचा. तो पत्ता एका संशोधकाने नोंदवला आणि पसरणं आटोक्यात आलं. आधीच कुलूपबंद झालेल्या फाइली मात्र तशाच राहिल्या. असा पत्ता कथेत हवा असेल तर त्याचा उल्लेख पहिल्या शंभर पानांत, लॉगच्या एखाद्या कंटाळवाण्या ओळीत पेरावा. तशी जागा नसेल तर २०१५ चा युक्रेन घ्यावा: तिथे कंट्रोल रूममधून काही चालेना, तेव्हा माणसं गाड्या काढून एकेका सबस्टेशनवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. काही तासांत वीज आली. कुणी किती किलोमीटर गेलं, डिसेंबरचा बर्फ किती होता, कुठल्या कुलपाची किल्ली कुणाकडे होती, हे लिहायला लेखकाकडे वीस पानं तरी ठेवावीत.